धोरण पोचलं, कंपनी भूमकर चौकात

तंत्रज्ञान क्षेत्राची वाढ मोजायची आपल्याकडे एक सोपी रीत आहे. कंपन्या मोजायच्या नाहीत, धोरणं मोजायची. महाराष्ट्राचं पहिलं आयटी धोरण १९९८ चं. मग २००३, २००९, २०१५ आणि २०२३. मधल्या काळात सरकारं पडली, पक्ष फुटले, चिन्हं हातची गेली, पण धोरणांचा रतीब काही चुकला नाही. पहिल्या पानावर महाराष्ट्र देशात अग्रेसर असतो आणि दुसऱ्या पानापासून तो अग्रेसर व्हावा म्हणून काय काय करावं लागेल, याची यादी सुरू होते.

२०२३ च्या धोरणात ९५ हजार कोटींची गुंतवणूक आणि ३५ लाख रोजगार अपेक्षित आहेत. बंगळूर, हैदराबाद, चेन्नई, नोएडा, पुणे असं सगळं धरून भारतातला आख्खा आयटी उद्योग चार दशकं राबला, तेव्हा कुठे पन्नास-पंचावन्न लाख लोकांना नोकऱ्या लागल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त आम्ही एका धोरणात उरकणार आहोत. उरलेल्या देशाने बाकी हिशेब आपापसात मिटवावा.

आता साधा भागाकार करा. ९५ हजार कोटी भागिले ३५ लाख. एका नोकरीमागे पावणेतीन लाखांच्या आत गुंतवणूक. एवढ्यात एक लॅपटॉप येतो, एक फिरती खुर्ची येते आणि गळ्यात घालायचं ओळखपत्र येतं. बसायला जागा आणि गाडीला पार्किंग वेगळं.

अलीकडे जीसीसीची लाट आहे. परदेशी कंपनीने भारतात थाटलेलं स्वतःचं कार्यालय, म्हणजे जीसीसी. पूर्वी अशा ठिकाणी रात्रपाळीला फोन उचलायचे, आता तिथे संशोधन होतं, बँकांची सॉफ्टवेअर लिहिली जातात, पगारही बरे मिळतात. कर्नाटकाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२९ पर्यंत आम्ही ५०० नवी केंद्रं आणि साडेतीन लाख नोकऱ्या आणू. वर्षभरात महाराष्ट्राचं उत्तर आलं. केंद्रं ४००, नोकऱ्या चार लाख. केंद्रं शंभराने कमी आणि माणसं पन्नास हजारांनी जास्त. समोरच्याचा आकडा कानावर पडल्यावरच आपली बोली लावायची, हे लिलावाचं शास्त्र आपल्याकडे चांगलं मुरलंय.

मजले वाढवा, तंत्रज्ञान आपोआप वाढेल

मंत्रालयात कोणी तंत्रज्ञान म्हटलं की फायलीत सर्वांत आधी उमटतं ते चटईक्षेत्र. खासगी आयटी पार्कला जादा एफएसआय, म्हणजे जादा चटईक्षेत्र, ही आपल्या धोरणांची कुलदेवता. सोबत मुद्रांक शुल्कात सूट, वीज शुल्कात सूट, व्यापारी दराऐवजी औद्योगिक दराने वीज असा नैवेद्य असतो. यातलं काहीच वाईट नाही. प्रश्न इतकाच की प्रसाद कोणाच्या हातावर पडतो. सॉफ्टवेअर लिहिणारी पोरं भाड्याच्या जागेत बसतात. जागा बांधतो तो बिल्डर. जादा मजला पहिल्यांदा त्याला मिळतो आणि तंत्रज्ञान त्याच्यामागून लिफ्टने वर येईल, अशी सरकारची श्रद्धा असते.

मुंबईच्या उपनगरातली अशी एखादी इमारत जवळून पाहा. बाहेरून निळी काच. नावात 'टेक' किंवा 'सायबर'. तळमजल्यावर कॉफीचं दुकान, वर बँक, त्यावर जिम, त्यावर विमा कंपनीचं क्षेत्रीय कार्यालय. धोरणाच्या भाषेत या पूरक सेवा. त्यांचा परवानगीचा वाटा २०२३ मध्ये आणखी वाढवून दिला, कारण पूरक सेवा फारच जोमाने वाढत होत्या. प्रत्यक्ष आयटी शोधत असाल तर वॉचमनच्या टेबलाशी जा. तिथे एक जाडजूड रजिस्टर असतं. त्यात नाव, गाव, फोन नंबर, कोणाकडे, किती वाजता असं सगळं हाताने लिहायचं. बॉलपेन सुतळीने टेबलाला बांधलेलं असतं, म्हणजे माहिती तंत्रज्ञानातलं निदान तंत्रज्ञान तरी चोरीला जाऊ नये.

कोणत्याही सरकारी सवलतीला लावावी अशी एक कसोटी आहे. ज्या कंपनीसाठी एवढं केलं, ती कंपनी आलीच नाही, किंवा आली आणि निघून गेली, तर मागे काय उरेल? जादा एफएसआयचं उत्तर रोखठोक आहे. मजले उरतील, बिल्डरकडे.

दावोस, व्हाया नरिमन पॉइंट

जानेवारी उजाडला की राज्याराज्यांचे मुख्यमंत्री गळाबंद कोट घालून स्वित्झर्लंडला निघतात. २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्राने तिथे सुमारे १५ लाख ७० हजार कोटींचे सामंजस्य करार केले. राज्याचा त्या वर्षीचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. म्हणजे अख्खं राज्य वर्षभरात जितकं खर्च करतं, त्याच्या दुपटीहून जास्त चार-पाच दिवसांत गोळा झालं. तेही बर्फात.

त्यातले सर्वांत मोठे करार कोणाशी, हेही पाहून घ्या. रिलायन्स आणि जेएसडब्ल्यू. प्रत्येकी तीन लाख कोटींच्या घरातले. जेएसडब्ल्यूचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. रिलायन्सचं नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटला, मंत्रालयातून पायी जावं एवढ्या अंतरावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, फक्त हा वळसा आल्प्सवरून होता.

याआधी २०१८ मध्ये 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' ही गुंतवणूक परिषद झाली होती. तेव्हाही चार हजारांवर करार आणि बारा लाख कोटी. आपल्याकडे करारांची बेरीज जाहीर समारंभात होते. वजाबाकी कुठे होते ते कोणालाच ठाऊक नाही. करार पुरा झाला नाही तर दंड नाही, खुलासा नाही, पुढच्या वर्षीच्या निमंत्रणातून नाव कापणंही नाही. कसोटी लावली तर मागे उरतो तो फोटो, आणि त्यातही दोघं कॅमेऱ्याकडे बघत असतात, कागदाकडे कोणीच नाही.

फॉक्सकॉनची वरात

ही कसोटी नीट समजून घ्यायची तर फॉक्सकॉनसारखा मास्तर नाही. ही तैवानची कंपनी जगभरचे आयफोन जोडते आणि फावल्या वेळात सरकारांची मनं.

ऑगस्ट २०१५ मध्ये फॉक्सकॉनने महाराष्ट्राशी पाच अब्ज डॉलरचा करार केला. केवढा आनंद झाला. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी सांगितलं की तो प्रकल्प काही होत नाही.

दरम्यान २०१७ मध्ये हीच कंपनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याला दहा अब्ज डॉलर आणि १३ हजार नोकऱ्या देणार होती. राज्याने सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलती पुढे केल्या. माउंट प्लेझंट नावाच्या गावी जून २०१८ मध्ये सोनेरी फावड्यांनी भूमिपूजन झालं. अध्यक्ष ट्रम्प यांनी होऊ घातलेल्या कारखान्याला जगातलं आठवं आश्चर्य ठरवून टाकलं. २०२१ मध्ये करार बदलला. दहा अब्जांचे ६७ कोटी डॉलर झाले आणि १३ हजार नोकऱ्यांच्या १,४५४. खरं आश्चर्य ते हे.

मग सप्टेंबर २०२२. वेदांत-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा चिप प्रकल्प तळेगावला येता येता गुजरातेत धोलेऱ्याला गेला. इकडे जी काय धुळवड झाली! कोणाच्या काळात गेला, कोणी घालवला, कोणी दिल्लीपुढे मान तुकवली. पत्रकार परिषदांना पत्रकार परिषदांनी उत्तरं दिली. दहाच महिन्यांत, जुलै २०२३ मध्ये, फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी सेमीकंडक्टर धोरण डोळ्यांसमोर ठेवूनच रचली असावी.

आता मागे काय उरलं ते बघा. तळेगावच्या वाट्याला भाषणं उरली. माउंट प्लेझंटमध्ये लोकांची घरं पाडली गेली, गावावर कर्ज झालं, पण रुंद रस्ते, पाणी आणि विजेची सोय जागेवर राहिली. पुढे मायक्रोसॉफ्टने डेटा सेंटरसाठी तिथे जमीन घेतली. म्हणजे ज्या खर्चाची जाहिरात कोणी केली नव्हती, तोच कामाला आला.

आणि फॉक्सकॉन भारतात खरोखर कुठे रुजली? चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे वसतिगृहातल्या जेवणातून बायकांना विषबाधा झाली. बायका हमरस्त्यावर येऊन बसल्या, कारखाना काही काळ बंद पडला. मग तमिळनाडू सरकारने जवळच वल्लम वडगालला १८ हजारांवर कामगार महिलांसाठी राहण्याची इमारतच बांधून दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. खाटा, स्वयंपाकघर, पिण्याचं पाणी. हे तंत्रज्ञान धोरण वाटत नाही, कारण यात एकही इंग्रजी लघुरूप नाही. पण उद्या फॉक्सकॉन गेली तर दुसरी कंपनी त्याच खाटांच्या भरवशावर येईल.

सुटे एक पैसा द्या

आंध्र प्रदेशाने यापुढचा पल्ला गाठला. एप्रिल २०२५ मध्ये विशाखापट्टणमला टीसीएसला २१.१६ एकर जमीन नाममात्र ९९ पैशांत दिली. आता गंमत अशी की पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी २०११ मध्येच चलनातून गेली. टीसीएसने रुपया पुढे केला तर सरकारने सुटा एक पैसा आणायचा कुठून? ऑनलाइन पाठवले असतील, म्हणजे निदान त्या व्यवहारापुरतं तरी माहिती तंत्रज्ञान विशाखापट्टणमला पोचलं.

थट्टा बाजूला ठेवली तर यात हिशेब आहे. २०१४ च्या विभाजनात हैदराबाद तेलंगणाकडे गेलं आणि आंध्राच्या हाती आयटीचं एकही शहर उरलं नाही. पहिलं मोठं नाव ओढून आणायचं, बाकीचे त्याच्या मागून येतील, असा मुख्यमंत्री चंद्राबाबूंचा डाव. १९९८ मध्ये त्यांनी हैदराबादेत सायबर टॉवर्स उभं केलं तेव्हा तो साधला होता. पण त्याच वर्षी त्यांच्या सरकारने तिथे ट्रिपल आयटीही उभी केली, हे कोणी सांगत नाही. शिवाय भेल, ईसीआयएल, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा असं कित्येक वर्षांचं खत त्या जमिनीत आधीच पडलं होतं. काचेच्या इमारतीची नक्कल साऱ्या देशाने केली. कॉलेजची नक्कल करायला लागतात वीस वर्षं आणि निवडणूक येते पाच वर्षांनी.

ज्यांना कोणी आयटी धोरण म्हणत नाही

इन्फोसिस स्थापन झाली १९८१ मध्ये, पुण्यात. १९८३ मध्ये ती एका ग्राहकामागे बंगळूरला गेली. कोणी पत्रकार परिषद घेतली नाही, कोणी राजीनामा मागितला नाही, कारण काहीतरी गेलंय हे कोणाच्या गावीही नव्हतं.

त्याच १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. दादांचं स्वतःचं शालेय शिक्षण बेताचं. त्यांच्या त्या निर्णयाला तेव्हा केवढी नावं ठेवली गेली! त्यातली निम्मी रास्त होती. डोनेशनची दुकानं निघाली, शिक्षणसम्राट जन्मले, साखर कारखान्याच्या चेअरमनला एकाएकी अभियांत्रिकीचा कळवळा आला. कॉलेजात कॉम्प्युटरची खोली म्हणजे गाभारा असायचा. चपला बाहेर काढायच्या, आत एसीची थंडी, मशीनवर प्लॅस्टिकचं झाकण, आणि एका कीबोर्डवर चौघांचे डोळे. पण त्या गाभाऱ्यातून दरवर्षी हजारो पोरं बाहेर पडायला लागली. सांगलीची, कराडची, अमरावतीची, लोणीची. ती बंगळूरला गेली, न्यू जर्सीला गेली आणि हळूहळू पुण्यातही मावली. शेवटी इन्फोसिसलाच हिंजवडीत येऊन भलामोठा कॅम्पस थाटावा लागला. जी कंपनी आपण १९८३ मध्ये घालवली, तिला १९८३ च्याच निर्णयाने परत आणलं. जाताना तिला थांबवायला ९९ पैशांची जमीन देऊ केली असती, तर कदाचित कंपनी राहिली असती आणि तिला इंजिनिअर मिळाले नसते.

दुसरं उदाहरण एसटीपीआयचं. १९९१ मध्ये केंद्राने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क काढले. सुरुवातीच्या तिघांत बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर पुणे होतं. करसवलतीचं कौतुक सगळ्यांना असतं, आणि ती मिळालीही. पण छोट्या कंपन्यांना तारलं ते उपग्रहाच्या तबकडीने. ज्या काळात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, त्या काळात सरकारने एक सामायिक जोडणी दिली आणि दहा माणसांची कंपनीही पुण्यात बसून परदेशात काम पाठवू लागली. करसवलत २०११ मध्ये संपली. ती संपली तर उद्योग मरेल म्हणून केवढा आक्रोश झाला होता! मेला नाही. तोवर त्याला पाय फुटले होते.

तिसरं धोरण सर्वांत जुनं, १८७२ चं. भारतीय करार कायद्याचं कलम २७. कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार व्यर्थ, असं ते साधारण म्हणतं. म्हणजे नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, अशी अट कोर्टात टिकत नाही. हाच नियम त्याच १८७२ मध्ये कॅलिफोर्नियाने आपल्या कायद्यात घातला. दोघांनी तो न्यूयॉर्कच्या एकाच मसुद्यातून उचललेला. सिलिकॉन व्हॅली तिथेच का फोफावली, याची जी कारणं अभ्यासक देतात, त्यातलं एक हे. माणूस सकाळी राजीनामा देतो आणि दुपारी रस्त्यापलीकडे स्वतःची कंपनी काढतो. आपल्याकडे तोच माणूस राजीनामा देतो आणि नव्वद दिवस नोटीस पिरियड भरत बसतो. मग रिलीव्हिंग लेटरसाठी एचआरच्या पाया पडतो. कायदा कॅलिफोर्नियाचा, वसुली सावकाराची. एका ओळीच्या नियमाने ही नोटीस महिन्यावर आणता येईल. पैसा लागणार नाही, जमीन लागणार नाही. म्हणूनच बहुधा ते कोणाला सुचत नाही.

एक खड्डा, सहा मालक

आता हिंजवडीला चला. लवकर निघा.

हिंजवडीची जागा आधी साखर कारखान्यासाठी ठरली होती. भूमिपूजनाला गेलो आणि तिथेच सांगितलं की कारखाना दुसरीकडे न्या, इथे आयटी येईल, ही आठवण शरद पवार सांगतात. कारखाना कासारसाईला गेला. कारखान्याचं नशीब. गाळपाच्या हंगामात ऊस वेळेवर पोचला नाही तर उतारा घटतो, हे प्रत्येक संचालकाला पाठ असतं. इंजिनिअर वेळेवर पोचला नाही तर काय घटतं, हे मोजायला मात्र आपल्याकडे काटा नाही.

बाणेरहून निघालेला इंजिनिअर पुणे महापालिकेच्या खड्ड्यातून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या सेवारस्त्यावर येतो. वाकडला तो पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या ताब्यात जातो. भूमकर चौकात थांबतो. कंपनीची रोजची स्टँडअप मीटिंग तो स्टिअरिंगमागे बसून उरकतो. 'काही अडथळा आहे का?' या प्रश्नावर पलीकडून सगळे एकदम हसतात, कारण सगळेच त्याच चौकात असतात. पुढे हद्द ग्रामपंचायतीची. त्यापुढचे रस्ते एमआयडीसीचे. डोक्यावर पीएमआरडीएच्या मेट्रोचे खांब. या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाली. तेवीस किलोमीटर, तेवीस स्थानकं, आणि मुदतवाढींचा आकडा त्याच दिशेने.

जून २०२५ च्या पावसात इथल्या रस्त्यांची नदी झाली. बसची चाकं दिसेनाशी झाली. ओढे बुजवून, वळवून, त्यांच्यावर भिंती घालून इमारती उभ्या केल्या होत्या. ओढ्याने आपला सातबारा दाखवला, इतकंच. मग दोष कोणाचा? एमआयडीसी म्हणते, पाणी बाहेरून आलं. बाहेरचे म्हणतात, अडवलं आतल्यांनी. पाणी उताराने जातं आणि फाईल हद्दीने जाते. त्या दोघांची गाठ पडत नाही.

एवढ्या कंपन्यांचा मोठा कर दिल्लीला आणि मुंबईला जातो. कचरा, सांडपाणी आणि चार लाख शिव्या स्थानिक ग्रामपंचायतीच्या वाट्याला येतात. तिच्याकडे ना इंजिनिअर, ना पैसा, ना अधिकार. जगातल्या बड्या बँकांचे व्यवहार जिथे सांभाळले जातात, तिथे गटाराचा निर्णय घ्यायला सहा खात्यांची संयुक्त बैठक लागते. आणि बैठकीला निम्मे अधिकारी उशिरा येतात. कारण विचारायची गरज नाही.

बंगळूरकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, तिथल्या आउटर रिंग रोडवर यापेक्षा वेगळं काही घडत नाही. आपण त्यांना हिणवतो, ते आपल्याला, आणि दोघांच्याही कंपन्यांना हैदराबादहून फोन येतात.

स्थानिकांना प्राधान्य, गावाबाहेरच्यांना निमंत्रण

सवलतींनी काम भागलं नाही की सरकारांना सक्ती आठवते. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के जागांचा कायदा केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने व्यवस्थापनात ५० टक्के आणि इतर पदांत ७० टक्के स्थानिकांचं विधेयक मंजूर केलं. उद्योगांनी ओरडा केला. आंध्राचे आयटीमंत्री नारा लोकेश यांनी लगेच कंपन्यांना 'आमच्याकडे या' म्हणून आवतण धाडलं. दोन-तीन दिवसांत विधेयक थंड बस्त्यात.

स्थानिक पोरांना नोकरी मिळावी, यात गैर काय? काहीच नाही. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या आयटीआयमध्ये निदेशकाची जागा रिकामी आहे आणि ज्या कॉलेजात अभ्यासक्रम शिक्षकाहून जुना आहे, तिथल्या पोराला टक्केवारीचा कागद देऊन कंपनीच्या दारात उभं करणं ही त्याचीच चेष्टा आहे. वसंतदादांनी कोटा ठेवला नव्हता. कॉलेजं काढू दिली होती.

महाराष्ट्र राज्य कंटाळवाणं धोरण

रोज उठून टीका करता, तुम्हीच लिहा एखादं धोरण, असं कोणी म्हणायच्या आत हा मसुदा. एका पानाचा आहे, मंत्रिमंडळाला परवडेल.

कलम १. यापुढे कोणतीही सवलत देताना फायलीवर या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर लिहिणं सक्तीचं: 'ही कंपनी आली नाही तर जनतेकडे काय उरेल?' रकाना कोरा असेल तर फाईल परत.

कलम २. जादा एफएसआयचे पैसे त्याच परिसरातल्या बस, गटार आणि फूटपाथवर खर्च होतील. आधी फूटपाथ, मग मजले.

कलम ३. लाखाच्या वर माणसं ज्या पट्ट्यात कामाला जातात, त्या पट्ट्याला एकच मालक. नगरपालिका करा, महापालिकेत घाला, काहीही करा, पण खड्डा दिसला की फोन एकालाच जाईल.

कलम ४. तेलंगणाच्या २०१४ च्या कायद्यात मोठ्या प्रकल्पाला १५ दिवसांत परवानगी, मुदत टळली तर ती मिळाली असं धरायचं, आणि उगाच अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दंड, अशी सोय आहे. आपण 'दंड' हा शब्द वगळून नक्कल करतो. यंदा तो ठेवून पाहा.

कलम ५. नोटीस पिरियड महिन्याचा. ज्याला जायचंय त्याला जाऊ द्या. त्यातला एखादा स्वतःची कंपनी काढेल, आणि त्याला कोणी जमीन फुकट दिलेली नसेल, म्हणून ती टिकेल.

कलम ६. सरकारी कॉलेजं आणि आयटीआयमधल्या रिकाम्या जागा भरा. हे तंत्रज्ञान धोरण कसं, असं वित्त विभाग विचारील. त्यांना १९८३ ची फाईल दाखवा.

कलम ७. या धोरणात दावोसवर बंदी नाही. कोणाला बर्फ पाहायचा असेल तर जरूर जावं. फक्त विमानतळावर, बोर्डिंग पास घेण्यापूर्वी, मागच्या वर्षीचा प्रत्येक करार मोठ्याने वाचावा आणि पुढे 'झाला', 'चालू आहे' किंवा 'बुडाला' यांपैकी एक शब्द उच्चारावा. यादी मोठी आहे. विमान थांबत नसतं. पुढचं पकडावं, किंवा टॅक्सी करून नरिमन पॉइंटला जावं.